शेजारच्या सुनेला फाशी द्या म्हणून निवेदन फिरतंय. सही करू की नको?

सुईदोरा (डिचोली)

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावर टेलरिंग करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म, चतुर्थीच्या आधी मखराचे पडदेसुद्धा. दुकान म्हणजे घराचाच पुढचा ओटा, वर पत्रे घातलेत. गावातली बहुतेक प्रत्येक बाई केव्हा ना केव्हा माझ्या बाकड्यावर टेकून जाते, त्यामुळे गावात काय चाललंय ते मला विचारायला लागत नाही. मशीन थांबवलं की ऐकू येतंच.

आमच्या शेजारच्या घरातलं दीड महिन्याचं बाळ गेलं. मुलगा. पहाटे त्याच्या आजीचा, आम्ही तिला माई म्हणतो, तिचा ओरडा ऐकून आम्ही धावलो. बाळाला आरोग्य केंद्रात नेलं, तिथून बांबोळीला शवचिकित्सेसाठी. तोवर सगळ्यांच्या तोंडी 'देवाची मर्जी' होती. कोणी डबे आणले, कोणी मोठ्या मुलीला आपल्या घरी जेवायला नेलं. मग पोलीस आले आणि बाळाच्या आईला घेऊन गेले. नाक-तोंड दाबून मारल्याचा संशय आहे म्हणे. दुसऱ्या दिवशी पेपरात 'आईनेच दिली कबुली' असा मथळा, आणि गाव एका रात्रीत फिरलं.

आता सगळ्यांना सगळं आधीपासूनच ठाऊक होतं. जिने माईला धरून रडू आवरलं नव्हतं, तीच बाकड्यावर बसून म्हणाली, "मला पहिल्यापासून तिचं लक्षण बरं दिसत नव्हतं." पुरावा काय, तर डोळ्यांत टिपूस नव्हता. मयत घरात असताना तिने चहा मागितला. दिवसभर मोबाईल हातात असायचा. माहेर दोडामार्गचं, म्हणजे भायली. आणि हो, बारशाला आलेल्या बायकांशी धड बोलली नाही.

चहाचं मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते. मीच कप भरून माईकडे नेत होते. ती भिंतीला टेकून बसली होती, तिने हात पुढे केला, मी कप दिला. तो तिने प्यायलाच नाही. वर साय धरेपर्यंत तसाच दोन्ही हातांत धरून बसली होती. शेवटी मीच काढून घेतला. आता गावात 'लेकरू मेलं तरी हिला चहा सुचतो' असं फिरतंय. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

नवरा औषधांच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. त्या रात्री तो घरी नव्हता, तेव्हा त्याचं नाव कोणी घेत नाही, ते ठीकच. पण त्याच्याबद्दल 'बिचारा' आणि तिच्याबद्दल 'कैदाशीण', मधलं काही नाही. कांदोळीच्या केसच्या वेळी, २०२४ च्या जानेवारीत (तिथेही मुलाच्या खुनाचा आरोप आईवरच होता), ह्याच बाकड्यावर मी ऐकलं होतं, 'शिकलेल्या बायका अशाच, करिअर पाहिजे ना.' आता ही दहावी नापास, तर म्हणतात, 'अडाणी बाई, हिला काय कळतंय.'

तर निवेदन. महिला मंडळाने केलंय. आरोपीला भरचौकात फाशी द्यावी, गोव्यातल्या एकाही वकिलाने वकीलपत्र घेऊ नये, आणि ह्या कुटुंबाला यंदाच्या जत्रेत मान देऊ नये, असं तीन परिच्छेदांत. शिवाय तिठ्यापासून देवळापर्यंत मेणबत्ती मोर्चा, पुढे बाळाच्या बारशातला फोटो लावलेला बॅनर. काळ्या फिती शिवायचं काम मला दिलंय. साटीनचा तागा आणूनसुद्धा ठेवलाय दुकानात.

आता जे मी गावात कोणाला सांगितलेलं नाही, फक्त ह्यांना. बाळ जायच्या थोडे दिवस आधी ती ब्लाऊज सैल करायला माझ्याकडे आली होती. बाळ माईकडे होतं. मी सहज म्हटलं, "बाळ कोणावर गेलंय गे?" तर अगदी शांतपणे म्हणाली, "हो माजो न्हय. माझा हॉस्पिटलात बदलला." मला वाटलं झोप नाही म्हणून बरळतेय. मग माझ्या मोठ्या कात्रीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ती आत ठेव गे." माईने तिला घाड्याकडे, म्हणजे गावच्या देवऋष्याकडे, नेलं होतं हे मला माहीत होतं. देवचाराची नड निघाली म्हणून अंगारा दिला होता, नारळ ठेवायला सांगितला होता.

हे म्हणतात, पोलीस स्थानकाची पायरी चढू नकोस, अर्धं गिऱ्हाईक तुटेल. गिऱ्हाइकाचं बघता येईल. पण मी हे सांगितलं तर तिच्याच विरोधात जाईल का, हे मला कळत नाही. 'माझं नाही' म्हणाली म्हणजे मारायचं मनात होतं, असा कोणी अर्थ लावला तर?

आणि तिची मोठी मुलगी चार वर्षांची आहे. माझ्या मुलाबरोबर अंगणवाडीत जाते. परवा दोन आयांनी बाईंना सांगितलं, तिला आमच्या मुलांपासून लांब बसवा. ती अजूनही दुपारी माझ्या मशीनखालच्या चिंध्या गोळा करायला येते आणि विचारते, आई कधी येणार. तिला काय सांगू?

तेरेखोलकाठ (पेडणे)

ताई, रागावू नका, पण सगळी पोस्ट वाचली आणि त्यात बाळ कुठे आहे ते शोधत राहिलो. आई रडली की नाही, चहा प्यायली की नाही, माहेर कुठलं. दीड महिन्याचं पोर. त्याला मान वळवता येत नाही धड. त्याची बाजू मांडायला कोण आहे? निवेदन काढलं त्या बायकाच ना?

आम्हा दोघांना मूल नाही. बायकोने दवाखाने केले, नवस केले, म्हार्दोळला जाऊन आलो, सगळं झालं. अशी बातमी आली की ती टीव्ही बंद करून आत जाते. तेव्हा मला 'मानसिक, मानसिक' म्हणून कोणी समजवायला आलं की डोक्यात जातं. हेच बापाने केलं असतं तर त्याच्या मनाची अवस्था कोणी विचारली असती का? झोडून काढला असता. मी असतो तर सही केली असती.

जुना शिरस्तेदार (पणजी)

सुईदोराताई, मी न्यायालयात शिरस्तेदार होतो, आता निवृत्त. वकील नाही, पण कागद आयुष्यभर पाहिलेत, म्हणून कागदापुरतं बोलतो.

निवेदनाला न्यायालयात कवडीची किंमत नाही. न्यायाधीश पुराव्यावर निकाल देतात, सह्या मोजून नाही. मुलांविरुद्धचे गुन्हे आपल्याकडे गोवा बाल कायदा, २००३ खाली स्थापन झालेल्या बाल न्यायालयात चालतात, खून असला तरी. तिथे मोर्चा कामाला येत नाही. त्यातलं वकिलांबद्दलचं वाक्य तर काढूनच टाकायला सांगा. अमक्या आरोपीची केस घ्यायची नाही असे ठराव वकिलांच्या संघटनाच करायच्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ते रद्दबातल ठरवले आहेत. वकिलांना जे करता येत नाही ते महिला मंडळाला कुठून येणार? शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्री आरोपीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. माईंना माहीत नसेल तर हे आधी सांगा. कोलवाळच्या तुरुंगात असली तरी मिळतो.

बॅनर. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्ह्यात बळी पडलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, फोटो, पत्ता छापायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या फोटोने चार वर्षांच्या बहिणीचीही ओळख चव्हाट्यावर येते, ते निराळंच.

'कबुली' हा शब्द पेपरात मोठ्या टाइपात येतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांच्या काळापासून नाही आणि नव्या साक्ष अधिनियमातही नाही. दंडाधिकाऱ्यापुढे, नीट समज देऊन, स्वेच्छेने दिली तर गोष्ट वेगळी. मथळा वाचून गाव निकाल देतं आणि दोन-चार वर्षांनी खरा निकाल लागतो तेव्हा तो आतल्या पानावर असतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सांगा. जे ऐकलं ते, ज्या शब्दांत ऐकलं त्याच शब्दांत, आपल्या पदरचा अर्थ न लावता. पोलिसांनी जबाब घेतला तर त्यावर तुमची सही घ्यायची नसते, घेऊ लागले तर नको म्हणा. पण त्यांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवायला लावा. हवं तर दंडाधिकाऱ्यापुढे जबाब नोंदवण्याची विनंती करता येते. आणि तिच्या वकिलालाही हेच कळू द्या, त्यात लपवाछपवी काही नाही.

विरोधात जाईल का? भारतीय न्याय संहितेचं कलम २२, जुन्या दंड संहितेतलं ८४, सांगतं की मनाच्या विकृतीमुळे आपण काय करतोय हे, किंवा ते चूक आहे हे कळण्याची क्षमताच त्या वेळी नसेल, तर तो गुन्हा ठरत नाही. पण हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका खटल्यात म्हटलंय की घटनेच्या आधी, त्या वेळी आणि नंतर माणूस कसा वागत होता ते पाहूनच हे ठरवायचं. 'आधी' कसं होतं ते सांगणारं माणूस सहसा मिळत नाही. घरची माणसं सांगतात, पण त्यांना पक्षपाती म्हणतात. तुम्ही तिऱ्हाईत आहात. इंग्लंडमध्ये वर्षाच्या आतल्या बाळाला, बाळंतपणाने मन ढळलेलं असताना, आईने मारलं तर त्याला १९३८ पासून वेगळा गुन्हा मानतात, खुनापेक्षा हलका. आपल्याकडे तसं वेगळं कलम नाही. एकतर खून, नाहीतर हे कलम २२. म्हणून ते 'आधी' फार महत्त्वाचं.

पेडणेकरबाब, कलम २२ लागलं म्हणजे आरोपी हात झटकून घरी गेला असं होत नाही. कृत्य तिनेच केलं पण मन ठिकाणावर नव्हतं असा निष्कर्ष निघाला तर न्यायालय तिला सुरक्षित ताब्यात ठेवायचा आदेश देतं, बहुधा मनोरुग्णालयात. आणि बापालाही हेच कलम लागू आहे. कायद्यात बाई-पुरुष लिहिलेलं नाही.

सुईदोरा

काका, वकिलाचं माईला आजच सांगते.

तेरेखोलकाठ, बाळाबद्दल मी लिहिलं नाही कारण मला लिहवलं नाही. त्याला तेल लावून, वेखंडाची धुरी देऊन माई ओट्यावर उन्हात घेऊन बसायची, मी मशीनवरून बघायची. डाव्या कानामागे तीळ होता. बॅनरवरच्या फोटोत तो दिसत नाही. तुमच्या पत्नीचं वाचून वाईट वाटलं.

निवृत्त नर्सबाई (सत्तरी)

माझी सगळी नोकरी उपकेंद्रांत झाली, बरीचशी वाळपईच्या आतल्या भागात. तुमच्या शेजारणीला काय झालं होतं हे इथे बसून मी सांगू शकत नाही आणि कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण 'बदललं' हा शब्द वाचून बसलेय.

बाळंतिणीच्या मनाचे तीन प्रकार आमच्याकडे शिकवायचे. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं, ते बहुतेकींना होतं आणि आपोआप जातं. दुसरं नैराश्य, ते आठवडे-महिने चालतं. बाई कामं करते, बाळाला पाजते, पण आत सगळं विझलेलं. आपल्याकडे ते 'आळशी झालीय, माहेरची सवय' ह्या नावाखाली खपतं. तिसरं म्हणजे पूर्ण वेड लागल्यासारखी अवस्था. हजार बाळंतपणांत एक-दोन. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतं, आणि एकदम. झोप उडते, म्हणजे बाळ झोपलं तरी ही झोपत नाही. बाळ बदललंय, दुधात विष आहे, कोणीतरी न्यायला येणार आहे, असलं काही पक्कं डोक्यात बसतं. आणि फसवं इतकं की सकाळी अगदी शहाण्यासारखी बोलेल, संध्याकाळी ओळखणार नाही. ही तातडीची गोष्ट आहे, रक्तस्रावासारखीच. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची. औषधाने बऱ्या होतात, मी बघितल्यात बऱ्या झालेल्या. त्यातल्या बहुतेक जणी कोणाला इजा करत नाहीत, हेही लिहून ठेवा, नाहीतर उद्या प्रत्येक बाळंतिणीवर पहारा बसेल.

कात्रीचं वेगळं असू शकतं. काही आयांच्या मनात 'माझ्याकडून बाळाला काही झालं तर' असा नको तो विचार घुसतो आणि त्या विचाराचीच त्यांना भीती वाटते. त्या सुऱ्या लपवतात, बाळाला एकटं घेत नाहीत. अशा बायका सहसा धोकादायक नसतात. त्यांना तसं कोणी सांगितलं तरी हायसं वाटतं. ह्यातलं तिला काय होतं ते मानसोपचाराच्या डॉक्टरने ठरवायचं. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, मेडिकल कॉलेजपासून लांब नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मनाच्या आजारांच्या मोठ्या सरकारी संस्थेत, तर २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करायचा वॉर्ड आहे. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यातही आहे की उपचार घेणाऱ्या बाईला तिच्या तीन वर्षांच्या आतल्या मुलापासून एरवी तोडायचं नाही, धोका असेल तरच.

घाड्यावर मी तोंडसुख घेणार नाही. मी लोकांना सांगायचे, नड काढा, कौल घ्या, जे करायचं ते करा, पण परत येताना दवाखान्यावरून या. बंद करा म्हटलं तर लोक मलाच बंद करायचे. घाड्याने निदान तिला काहीतरी झालंय एवढं मान्य केलं होतं, गावाने तेही नाही.

अजून एक. इतक्या लहान बाळाचं तोंड मऊ उशीने दाबलं गेलं तर शरीरावर खूण राहतेच असं नाही. आणि झोपेत कारण न कळता बाळं जातात तेव्हाही शवचिकित्सेत तसंच दिसू शकतं. पालथं झोपवलेलं होतं का, आईच्या कुशीत होतं का, अंगावर किती पांघरूण होतं, हे सगळं धरून डॉक्टर मत देतात आणि पुढचे तपासाचे अहवाल यायला वेळ लागतो. कित्येक बाळांच्या पाठीवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळे डाग असतात. ते पाहून 'मारलंय' म्हणणारे मी बघितलेत.

मुलीला 'आई गावाला गेली' सांगू नका. अंगणवाडीत कोणी ना कोणी खरं सांगणारच, आणि मग तिचा तुमच्यावरचाही विश्वास जाईल. लहान वाक्यांत सांगा. बाळ वारलं, आई आता इथे नाही, तिला काय झालं ते मोठी माणसं बघताहेत, तुझं काही चुकलेलं नाही. शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा. तिच्याशी कोणी वाईट वागत असेल, घरात तिचं बघायला कोणी उरलं नसेल, तर मुलांसाठीच्या मदतीचा फोन १०९८. माई रात्री झोपत नसेल तर तिच्यासाठी मनाच्या त्रासासाठीचा मदतीचा फोन १४४१६, मराठीतही बोलतात. माईला विसरू नका. नातू गेला, सून तुरुंगात, मुलगा कारखान्यात, आणि मान काढून घेणार तो ह्याच घराचा.

बंदरावरचा (वास्को)

मी बोटीवर होतो, ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत बरीच ये-जा असायची. तिकडे कोणाशीही गप्पा मारा, एका जुन्या केसवर गाडी यायचीच. म्हणून मी ती नंतर नीट वाचून काढली.

१७ ऑगस्ट १९८०. वाळवंटातल्या उलुरूच्या खडकापाशी एक कुटुंब तंबू ठोकून राहिलं होतं. साडेनऊ आठवड्यांची मुलगी, अझारिया. रात्री आई लिंडी चेंबरलेन ओरडली की डिंगो, म्हणजे तिकडचा रानकुत्रा, बाळाला घेऊन गेला. पहिल्या चौकशीत तिचं म्हणणं ग्राह्य धरलं गेलं. पण लोकांनी धरलं नाही. का? ती टीव्हीवर रडली नाही. शांतपणे, तपशिलात बोलली. तिच्या कपड्यांवर चर्चा झाल्या. त्यांचा पंथ जरा वेगळा, सॅबथ, म्हणजे शनिवार हा विसाव्याचा पवित्र दिवस, पाळणारा, तर त्यांनी बळी दिला अशी वावडी उठली. मग नवी चौकशी, गाडीत रक्त सापडल्याचा तज्ज्ञांचा अहवाल, आणि १९८२ मध्ये जन्मठेप. तेव्हा ती गरोदर होती, पुढची मुलगी कोठडीत असताना झाली.

त्या 'रक्ता'तला बराचसा भाग गाडीचा आवाज कमी करायला कारखान्यातच मारतात त्या फवाऱ्याचा निघाला. १९८६ मध्ये खडकावरून पडलेल्या एका पर्यटकाला शोधताना डिंगोंच्या वावराच्या जागेजवळ बाळाचं जाकीट मिळालं, तेच जाकीट जे ती पहिल्यापासून 'बाळाच्या अंगात होतं' म्हणत होती आणि ज्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं. तिला सोडलं. १९८८ ला शिक्षा रद्द. मृत्यूच्या नोंदीत 'डिंगो' असं अधिकृतपणे यायला २०१२ उजाडलं. रडली असती तर वाचली असती की नाही मला माहीत नाही. लोक म्हणाले असते, नाटक करतेय.

त्याच देशात कॅथलीन फोल्बिगला चार मुलांच्या मृत्यूंसाठी २००३ मध्ये शिक्षा झाली, तिच्या डायरीतली वाक्यं पुरावा म्हणून वाचली गेली. पुढे मुलींमध्ये हृदयावर परिणाम करू शकणारा जनुकीय दोष सापडला आणि २०२३ मध्ये आधी माफी, मग शिक्षाच रद्द. वीस वर्षं आत.

पण शितावरून भाताची परीक्षा उलट बाजूनेही करू नये. अमेरिकेत ह्यूस्टनला २००१ मध्ये अँड्रिया येट्सने स्वतःच्या पाच मुलांना खरंच बुडवून मारलं. तिनेच पोलिसांना फोन केला. आधी जन्मठेप झाली, २००६ च्या फेरखटल्यात वेडाच्या भरात म्हणून निर्दोष ठरली. मात्र घरी नाही, मनोरुग्णालयात गेली. तेव्हा तुमच्या शेजारणीने केलं नसेलच असं मी म्हणत नाही. तिने केलं असेल, केलं नसेल, केलं असून तिला कळलं नसेल. तिन्ही शक्यता उघड्या आहेत आणि निवेदनात एकच लिहिलीय.

तेरेखोलकाठ

वाचलं सगळं. रानकुत्र्याची गोष्ट आपल्या गावाला कशी लागू होते ते मला पटलेलं नाही. इथे बंद खोलीत बाळ गेलंय. वकील नको हे वाक्य चूक, ते मान्य. मान काढून घेणंही चूक, आजीचा काय संबंध. पण न्याय व्हावा म्हणून मेणबत्ती लावायला माझी हरकत नाही. फोटो न लावता लावा.

सुईदोरा

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, सीझनचं काम आहे.

सही केली नाही. फिती शिवल्या नाहीत, युनिफॉर्मची ऑर्डर आहे म्हणून सांगितलं, ती खरंच आहे. त्यांनी म्हापशाहून तयार आणल्या. साटीनचा तागा माझ्याकडेच पडून आहे, पैसे मागितलेले नाहीत अजून कोणी. मोर्चा झाला. बॅनरवरचा फोटो मात्र ऐन वेळी पांढऱ्या कागदाने झाकला होता. मंडळाच्या वहिनींना मी बहिणीचं, त्या चिमुरडीचं सांगत होते तोवर त्या ऐकत नव्हत्या. दोन लाखांचा आकडा काढला तेव्हा लगेच नवऱ्याला फोन लावला. वकिलाचा परिच्छेदही खोडलाय म्हणतात. मानाचं अजून देवस्थानच्या बैठकीत यायचंय.

पोलीस स्थानकात जाऊन आले. हे बरोबर आले, पण स्कूटरवरच बसून राहिले. जबाब लिहिणाऱ्याने सगळं लिहून घेतलं, मी काकांच्या सांगण्याप्रमाणे वाचून दाखवायला लावलं. तर त्यात होतं, 'सदर महिलेने मूल नको असल्याचे सांगितले.' मी म्हटलं, असं ती बोललीच नाही. तो म्हणाला, अर्थ तोच होतो ना बाई. मी म्हटलं, नाही होत. ती म्हणाली, माझं नाही, बदललंय. तिला स्वतःचं हवं होतं म्हणून तर बदललं म्हणत होती. बराच वेळ वाद झाला. शेवटी साहेब बाहेर आले, त्यांनी ऐकलं आणि तिच्या तोंडचे शब्द होते तसे अवतरणात घालायला लावले. कात्रीचंही घातलं. सही मागितली नाही.

तिचा वकील विधी सेवेतून मिळालाय, माई एकदा भेटून आली. दोघी गिऱ्हाइकं कापड परत घेऊन गेली, एक तर बाही लावायची राहिलेली तशीच. अंगणवाडीच्या बाईंनी मुलीला माझ्या मुलाशेजारी बसवलंय. तो तिला दगड मारतो म्हणून तक्रार आलीय, पण तो सगळ्यांनाच मारतो. नर्सबाईंनी सांगितलेली वाक्यं मी तिला सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग बाळाचा पाळणा मला मिळेल का बाहुलीला. माईने अजून हो म्हटलेलं नाही.

काका, एक राहिलं. साक्षीला पणजीला बोलावलं तर किती वेळा जावं लागतं? दुकान बंद ठेवावं लागेल, खर्च मिळतो का?

जुना शिरस्तेदार

अवतरणात घालायला लावलंत, उत्तम काम केलंत.

खर्च देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं, मागावा लागतो. बसचं तिकीट जपून ठेवा. समन्स यायला वर्षही लागेल, घाई नाही. आलं की पहिल्याच तारखेला साक्ष होईल असं धरून चालू नका. कधी वकील नसतो, कधी न्यायाधीश रजेवर. त्या आठवड्यात लग्नाच्या ब्लाऊजचा वायदा कोणाला देऊ नका, एवढं बघा.